नववी ‘ब’चे उलटे दात

समोरचा माणूस हसला की बाकीच्यांना त्याचं हसू दिसतं, मला मिलिमीटर दिसतात. हा रोग मला चोविसाव्या वर्षी जडला आणि निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी बरा झालेला नाही. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, कुणाच्या घरी सांत्वनाला गेलं तरीसुद्धा, मनातल्या मनात पट्टी लागतेच. सहा. साडेचार. अरेरे, खालचे फारच दाटलेत. मला पाहायला आलेला मुलगा घरी परत गेल्यावर वडिलांनी विचारलं, “कसा वाटला?” मी म्हणाले, “चावा बरोबर बसतो.” वडिलांनी तो होकार समजला. लग्न झालं. संसारही बरोबर बसला, पण त्याचं श्रेय दातांना देता येणार नाही.

मी दात सरळ करणारी डॉक्टर. माझ्या उमेदीच्या काळात नागपुरात दातांचा डॉक्टर म्हणजे दात काढणारा, अशी ठाम समजूत होती. दुखणारा दात काढायचा, कवळी बसवायची, विषय संपला. न दुखणारा, न किडलेला, धडधाकट दात फक्त वाकडा आहे म्हणून तारा लावून दोन वर्षं सरकवत बसायचं, हे लोकांना पटायचंच नाही. “म्हणजे तुम्ही नेमकं करता काय?” असं माझ्या सख्ख्या मामाने मला तीन वेळा विचारलं होतं.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. शहरातल्या एका दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात मी नुकतीच रुजू झाले होते. आमच्या विभागप्रमुखांना सगळे ‘मोठे सर’ म्हणत. उंचीनेही मोठे आणि बोलायला फार कमी. त्यांनी एक दिवस बोलावून सांगितलं, “शाळांतून जायचं. बारा ते सोळा वयाची मुलं तपासायची. कुणाला तारांची खरी गरज आहे ते लिहून आणायचं.” ज्यांची गरज सर्वांत जास्त, अशा पंचवीस मुलांना रुग्णालय मोफत उपचार देणार होतं. म्हणजे मी कुणापुढे ‘गरज नाही’ असं लिहिलं की त्या मुलाच्या दातांचा निकाल कायमचा लागला. सत्तावीस वर्षांच्या मुलीच्या हाती एवढा अधिकार आल्यावर तिची मान थोडी ताठ होणारच. माझीही झाली.

काम तसं सोपं. शाळेच्या व्हरांड्यात उजेडाकडे तोंड करून खुर्ची मांडायची. मूल बसलं की मागचे दात मिटायला सांगायचं आणि वरचे पुढचे दात खालच्यांच्या किती पुढे आहेत ते लहान स्टीलच्या पट्टीने मोजायचं. दोन-तीन मिलिमीटर म्हणजे ठीक. सहाच्या वर गेलं की काळजी. नवाच्या वर असेल तर ओठ मिटत नाहीत, आणि पोरगं सायकलवरून पडलं तर आधी दात फुटतात. कधी उलटंही असतं, खालचेच दात वरच्यांच्या पुढे. हे क्वचित, आणि सुधारायला अवघड. बारा ते सोळाच का, तर दुधाचे दात गेलेले असतात आणि जबडा अजून वाढत असतो. पुढे तो सिमेंटसारखा घट्ट होतो.

माझ्याबरोबर लिहून घ्यायला रामटेकेबाबू होते. विभागातले जुने कारकून, पन्नाशीचे. छप्पन साली दीक्षा घेतली त्या दिवसापासून त्यांनी पांढऱ्या शर्टाशिवाय दुसरा शर्ट घातला नव्हता. अक्षर मोत्यासारखं. तोंडात घालायचे छोटे आरसे उकळायला ते स्वतः स्टोव्हला पंप मारत आणि मुलांना धीरही तेच देत. “भ्या नोको गा, म्याडम काहीच काढत नाहीत, फक्त मोजतात,” असं ते प्रत्येकाला सांगत. त्यानंतरही एक पोरगा माझ्या बोटाला चावला. रामटेकेबाबूंनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘चावा मजबूत.’

मोठ्या माणसांचे प्रकार वेगळेच. एका मुख्याध्यापकांनी आधीच निवड करून पहिल्या पाच नंबरांचीच मुलं रांगेत उभी केली. दात वाकडे असलेली मुलं मागच्या खोलीत बसवून ठेवली होती. “शाळेच्या इज्जतीचा प्रश्न आहे, मॅडम,” ते म्हणाले. दुसऱ्या एका शाळेत संस्कृतचे शिक्षक मुलांच्या रांगेत उभे होते. खुर्चीत बसले, आ केला. रामटेकेबाबूंनी नियमाप्रमाणे वय विचारलं, तर म्हणाले, “मनाने सोळा.” त्यांचे साडेसात होते. गरज होती, पण नियमात बसत नव्हते.

आणि मग आम्ही महाल भागातल्या एका मुलींच्या शाळेत गेलो.

पहिल्या दिवशी नववी ‘अ’. अगदी सुरळीत. शेवटी एका चुणचुणीत मुलीने विचारलं, “बाई, तारा लावायच्या असल्या तं दात काढा लागतात का जी?” मला खोटं बोलायला आवडत नाही. मी सांगितलं, “कधीकधी जागा करायला चार काढावे लागतात.” एवढं बोलून मी डबा खायला गेले. मधली सुट्टी संपेपर्यंत माझ्या चाराचे ‘वरचे सगळे’ झाले होते, हे मला फार उशिरा कळलं.

दुसऱ्या दिवशी नववी ‘ब’. पहिली मुलगी बसली. मागचे दात मिटव म्हटलं. पाहते तर खालचे दात वरच्यांच्या पुढे. उलटा चावा! मी उत्साहाने मोजलं, रामटेकेबाबूंनी लिहिलं. दुसरी मुलगी. उलटा चावा. तिसरी, तोच. चौथीच्या वेळी मी पट्टी पुसून पुन्हा लावली. दहावी मुलगी झाल्यावर रामटेकेबाबू पेन थांबवून हळूच म्हणाले, “म्याडम, हे तं छापा मारल्यासारखं होऊन राहिलं.”

“आहेच तसं,” मी म्हणाले. “हा मोठा शोध आहे, रामटेकेबाबू.”

त्या दिवशी माझ्या डोक्यात काय काय आलं ते सांगायला आज लाज वाटते. एकाच भागातल्या मुली, एकाच विहिरीचं पाणी. आपापसातली लग्नं. पिढ्यान्‌पिढ्या एकच आहार. परदेशी मासिकात माझं नाव छापून आलेलं मला दिसायला लागलं होतं. शेजारच्या वर्गात हेच का नाही, हा साधा प्रश्न मला सुचला नाही. शोध लागत असताना माणसाला साधे प्रश्न सुचत नाहीत.

एकेचाळीस मुलींपैकी चाळीस जणींचा चावा उलटा होता. फक्त एकीचा बरोबर. प्रमिला डोंगरे तिचं नाव. चौदा वर्षांची, सावळी, दोन घट्ट वेण्या, नजर जमिनीवर. वरचे दात खालच्यांवर बरोबर बसलेले, दोन मिलिमीटर. इतक्या उलट्यांनंतर ते पाहून मला बरंच वाटलं. मी तिच्या नावापुढे ‘गरज नाही’ लिहायला सांगितलं आणि तिच्या खांद्यावर थोपटून मोठ्याने म्हणाले, “छान दात आहेत हं तुझे.”

सगळा वर्ग खुदकन हसला. मला वाटलं, मुली आहेत, हसायचंच.

मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीतून मी मोठ्या सरांना फोन लावला. “सर, चाळीस. एकाच वर्गात.” पलीकडून त्यांनी शाळेचा पत्ता विचारून घेतला. मग म्हणाले, “उद्या येतो. कॅमेरा आणतो.”

दुसऱ्या दिवशी रुग्णालयाची जीप शाळेच्या बोळात अडकली म्हणून सर कोपऱ्यापासून चालत आले. मागून कॅमेरेवाला. मुख्याध्यापिकाबाईंनी जरीकाठी साडी नेसली होती. फोटो निघणार म्हणून वर्गाच्या दारात रांगोळीसुद्धा काढली होती. सरांनी पहिल्या मुलीचे दात पाहिले. दुसरीचे पाहिले. तिसरीचे पाहिले. चष्मा काढून पुसला. मग पहिल्या मुलीला परत बोलावून म्हणाले, “बाळ, जिभेचं टोक टाळूला लाव. आणखी मागे ने. आणखी. आता जीभ तिथेच ठेव आणि मागचे दात मिट.”

मुलीने जीभ मागे नेली. तिच्याबरोबर तिचा जबडाही मुकाट्याने मागे गेला आणि जागेवर जाऊन बसला. चावा सरळ. अगदी पुस्तकातल्यासारखा.

हे आम्ही विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी शिकवतो. जबडा पुढे काढून धरता येतो. जीभ मागे नेली की तो तसा धरता येत नाही. मीच शिकवत असे.

सर वर्गाकडे वळले आणि कवायतीच्या आवाजात म्हणाले, “सगळ्यांनी जीभ मागे!” चाळीस जबडे एकदम आपापल्या घरी गेले. माझा शोध तेवढ्यात संपला. सरांनी कॅमेरेवाल्याला फक्त एवढंच सांगितलं, “गाडीत ठेवून या.”

एवढ्यावर थांबलं असतं तर हा नुसता माझ्या फजितीचा किस्सा झाला असता. पण सर पद्धतशीर माणूस. “एक नॉर्मल आहे म्हणालात ना? तिलाही पाहू.” प्रमिलाला पुढे बोलावलं. ती आली, पण जीभ काही मागे नेईना. सरांनी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तिने डोळे मिटले आणि सांगितलं तसं केलं. तिचा खालचा जबडा मागे सरकला, सरकतच राहिला, आणि वरचे दात ओठ ओलांडून बाहेर आले. सरांनी पट्टी लावली आणि सवयीने मोठ्याने आकडा सांगितला, “अकरा.” रामटेकेबाबूंनी सवयीने लिहून घेतला.

वर्गात कुणीही हसलं नाही. प्रमिलाने दप्तर उचललं आणि ती कुणाला न विचारता वर्गाबाहेर गेली.

मग मुख्याध्यापिकाबाईंनी वर्गाच्या मॉनिटरकडून सगळं वदवून घेतलं. प्राथमिक शाळेत प्रमिलाला मुलं ‘किसणी’ म्हणत. तेव्हापासून तिने जबडा पुढे धरायची सवय केली होती. घरातून निघाली की जबडा पुढे, घरी परतली की मागे. दिवसभर तसा धरल्याने कानाजवळ ठणकायचं, म्हणून संध्याकाळी ती गाल शेकत बसायची. जवळच्या मैत्रिणींना हे माहीत होतं. दात उपटणार अशी हवा उठली तेव्हा सगळ्या जणी तिच्याकडेच गेल्या. “तू तुझे लपवतं ना, तसं आम्हाले भी शिकव वं.” ज्यांचे दात मुळात सरळ होते त्यांनी जबडा पुढे काढला की चावा उलटा दिसणारच, हे त्या बिचारींना काय ठाऊक? आणि जिच्यासाठी आम्ही एवढी पायपीट करत होतो, त्या एकट्या मुलीपुढे मी ‘गरज नाही’ लिहून, वर तिच्या दातांचं कौतुक केलं होतं.

परतताना जीपमध्ये सर माझ्या शेजारी बसले होते. मी राजीनाम्याची वाक्यं जुळवत होते. सीताबर्डी मागे टाकल्यावर ते म्हणाले, “एका मधल्या सुट्टीत चाळीस मुलींना जबडा बिनचूक धरायला शिकवलं तिने. आपल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना मी अजून आरसा धरायला शिकवतोय.” नंतर खिडकीबाहेर बघत म्हणाले, “आकडा मोठ्याने बोलायला नको होता मी.”

प्रमिला त्यानंतर चार दिवस शाळेत आली नाही. मुख्याध्यापिकाबाईंचा निरोप आला तेव्हा मी रामटेकेबाबूंना म्हणाले, “तिच्या घरी जायला हवं.” ते म्हणाले, “मी भी येतो. आकडा मी लिवला ना.”

रविवारी सकाळी गेलो. शाळेमागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर. दार तिच्या वडिलांनी, गुलाबरावांनी उघडलं, आणि उघडताच ते तोंडभरून हसले. माझ्या मनात आपसूक पट्टी लागली. बारा. कदाचित साडेबारा. वर झुपकेदार मिशी, तिच्याखाली ते दात, आणि हसणं असं की शेजारच्या घरातलं मूलही बघायला बाहेर आलं.

“या जी, या! डॉक्टरीणबाई ना तुम्ही? बसा. चहा मांड वं!” असं आत ओरडून त्यांनी आमच्यासाठी खाट झटकली. ते शहराबाहेर, वाडीच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात मालाची मोजणी करत. महालातून वाडीपर्यंत रोज सायकलने.

मी झाल्या प्रकाराची माफी मागितली. मग तारांचं समजावून सांगितलं. दोन वर्षं लागतील, चार दात काढावे लागतील, पैसे लागणार नाहीत. गुलाबरावांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पण काहून करायचं जी? हे आमच्या घरचे दात हायत. माह्या बापाचे असेच होते. मले तं यानं कोणतंच काम अडलं नाही. गोदामात एवढे ट्रक येतात, ड्रायवर लोक मले दुरून वळखतात. म्हणतात, गुलाबराव हसून राहिला, गाडी लावा तिथं.”

आतून चहा घेऊन आलेल्या प्रमिलाच्या आईने कप जरा जोरातच ठेवला. “तुमाले मिशा हायत. झाकून जाते सारं. पोरीनं मिशा कुठून आणाव्या?”

गुलाबरावांना हे एवढं गमतीचं वाटलं की ते पुन्हा हसले, आणि हसता हसता विचारात पडले. “हे मात्र खरं हाय,” ते म्हणाले.

प्रमिला आतल्या दारात उभी होती. मी म्हटलं, “प्रमिला, तू सांग. तुला काय वाटतं?”

तिने मला नीट पाहून घेतलं. आम्ही इतरांना पाहतो तसं, तोंडाकडे. मग म्हणाली, “तुमचा तो वरचा सुळा वाकडा हाय. तुम्ही काहून नाही लावल्या तारा?”

माझा डावा सुळा खरंच रांगेबाहेर होता, दुसऱ्या दातावर चढलेला. इतक्या वर्षांत मला कुणी हे विचारलं नव्हतं. मी काहीतरी बोलले. लहानपणी कुणी सांगितलं नाही, मग परीक्षा, मग नोकरी, वेळ कुठे असतो.

“दुखते म्हून नाही लावल्या ना?”

मी रामटेकेबाबूंकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते.

“तुम्ही लावा,” प्रमिला म्हणाली. “मंग मी लावतो.”

परतताना रामटेकेबाबू बोळाच्या तोंडापर्यंत माझ्या पुढे चालत गेले. तिथे चप्पल नीट करायला थांबले आणि म्हणाले, “म्याडम, पोट्टी गैर बोलून नाही राहिली.”

तर अशा रीतीने वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, लग्न होऊन दोन वर्षं झालेली असताना, मी तारा लावून घेतल्या. तेव्हाच्या तारा आजच्यासारख्या नाजूक नव्हत्या. एकेका दाताभोवती पोलादी पट्टी चढवायची, सिमेंटने बसवायची आणि त्यातून वाकवलेली तार ओवायची. हसलं की पत्र्याचं दुकान उघडल्यासारखं दिसायचं. सासूबाईंनी शेजारी सांगितलं की ऑफिसने लावायला लावल्या आहेत. माझा ‘श’ शिट्टीसारखा निघायला लागला, त्यामुळे मी ‘शाळेची शिक्षिका’ म्हटलं की मुलं खूश होत. एका पेशंटच्या आजोबांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, “खऱ्या डॉक्टरीणबाई कधी येतील?”

आणि दुखलं. हे मुख्य. तोवर प्रत्येक पेशंटला मी एकच वाक्य सांगत आले होते, “थोडंसं दुखेल हं.” पहिल्या रात्री मऊ भातसुद्धा चावेना. तिसऱ्या दिवशी गालाला आतून छाले पडले. संत्र्यांचा मोसम होता. नवऱ्याने प्रेमाने फोड हातावर ठेवली, मी तोंडात टाकली आणि उभ्या जागी ओरडले. त्यानंतर ‘थोडंसं’ हा शब्द मी टाकून दिला. पुढची तीस वर्षं मी पेशंटला सांगत आले, “चार दिवस चांगलंच दुखेल. पाचव्या दिवशी कमी होईल. तोवर वरण-भात खा आणि मला शिव्या द्या.” मुलं पाचव्या दिवसाची वाट पाहत, आणि तो खरा ठरला की माझ्यावर विश्वास ठेवत.

प्रमिलाने शब्द पाळला. पंचवीस जणांच्या यादीत तिचं नाव पहिलं होतं. चार दात काढले तेव्हा रडली नाही. फक्त ते कागदात बांधून मागितले आणि सोमवारी शाळेत नेऊन नववी ‘ब’ला दाखवले. “चारच काढले, मोजा,” असं तिने जाहीर केलं म्हणे. त्या वर्गातल्या आणखी दोघी मग आपणहून तपासायला आल्या, जबडे जागेवर ठेवून.

दर महिन्याला शनिवारी दुपारी ती यायची. मी तिची तार घट्ट करायची आणि शेजारच्या टेबलावर माझा सहकारी माझी. मग आम्ही दोघी बाकावर गाल धरून बसायचो.

“तुमचं कुठं टोचून राहिलं?” ती विचारायची.

“डावीकडे मागे.”

“मेणबत्तीचं मेण लावा. मऊ करून त्या टोकावर दाबा. मी तसंच करतो.”

मी करून पाहिलं आणि खरंच आराम पडला. पुस्तकात त्याचा उल्लेख असेलही, पण मी शिकले ते नववीतल्या मुलीकडून. पुढे आमच्या विभागात मेणबत्त्यांचा पुडा कायमचा ठेवला गेला, आणि भांडाराच्या साहेबांनी दरवेळी विचारलं की दातांच्या दवाखान्यात वीज नाही का.

सर्वांत अवघड गेलं ते तिचा जबडा त्याच्या जागी ठेवायला शिकवणं. इतकी वर्षं तिने तो पुढे धरला होता की तो मुळात कुठे असतो हेच तिला आठवत नव्हतं. कुणी अनोळखी माणूस खोलीत आला की जबडा आपोआप पुढे जायचा. मी फक्त “प्रमिला” म्हणायचे आणि ती जीभ मागे न्यायची. माझ्या तारा आठ महिन्यांत निघाल्या. तिच्या निघायला दोन वर्षं आणि वर काही महिने लागले. तोवर ती अकरावीत गेली होती आणि माझ्यापेक्षा दोन बोटं उंच झाली होती.

तारा काढायच्या शनिवारी गुलाबराव अर्धी रजा टाकून वाडीहून थेट आले. पायजम्याला सायकलचा चिमटा तसाच. शेवटची पट्टी निघाली, मी दात घासून स्वच्छ केले आणि प्रमिलाच्या हातात आरसा दिला. आधी तिने दातांवरून जीभ फिरवली. मग ओठ मिटले. ते मिटले, याचंच तिला नवल वाटत होतं. दोन-तीनदा मिटून पाहिले. आणि मग आरशाकडे न बघता ती बापाकडे वळली आणि हसली.

“अरे बाप्पा!” गुलाबराव म्हणाले. “हे तं लयच झकास झालं जी!” ते नेहमीसारखं मोठ्याने हसायला लागले, आणि अर्ध्यातच त्यांचा हात वर आला आणि तोंडावर गेला.

त्यांना ते कळलंही नसावं. प्रमिलाला मात्र कळलं. “बाबा, हात काढा ना,” ती म्हणाली. तिने त्यांचा हात धरून खाली घेतला. जिन्यापर्यंत जाईस्तोवर तो पुन्हा वर गेला होता. मी खिडकीतून पाहत होते. सायकलवर तिला मागे बसवून ते निघाले, आणि फाटकाजवळ ओळखीच्या चौकीदाराला त्यांनी नुसती मान हलवली.

सोमवारी सकाळी मी आले तेव्हा गुलाबराव बाकावर एकटेच बसले होते. क्षणभर मी ओळखलंच नाही. मिशी काढून टाकली होती. “तुमाले नीट मोजता यावं म्हून,” ते म्हणाले. मग आजूबाजूला कुणी नाही असं पाहून हळूच विचारलं, “माह्या वयात होते का जी हे?”

मी त्यांना खुर्चीत बसवलं. जीभ मागे न्यायला सांगावं लागलं नाही. त्यांनी जबडा कधी पुढे धरलाच नव्हता. पट्टी लावली. साडेबारा. या वेळी मी आकडा मनातच ठेवला. रामटेकेबाबू वही उघडून तयार होते, म्हणून प्रत्येक नव्या पेशंटला विचारायचे ते प्रश्न मी सुरू केले. वय, धंदा. मग नेहमीचा प्रश्न, “या दातांचा काही त्रास? चावायला, बोलायला, चारचौघांत वावरायला?”

गुलाबरावांनी थोडा विचार केला.

“शनिवारपर्यंत नव्हता जी.”